उमरोळीच्या पुढे

बोईसर
रविवार, २६ नोव्हेंबर १९६७

यांना नर्मदेचा नमस्कार.

लिफाफ्यावर तुमचं नाव मीच लिहिलं. लग्न झाल्यापासून तोंडाने कधी घेतलं नाही, ते शाईने लिहिताना हात अडला. मैनाबाई खोलीचं भाडं न्यायला आली होती, शेजारीच बसली. म्हणाली, "लिव गो, टपालवाल्याला काय कलनार, कोनाचा घोव तो." पंढरीभाऊजी जाताना मुक्कामाची गावं सांगून गेले होते. पोस्टमास्तरांच्या हवाली असं लिहा, आम्ही टपाल कचेरीत जाऊन विचारू, म्हणाले. म्हणून हे कोल्हापूरला पाठवते आहे.

तुम्ही, पंढरीभाऊजी, रामआसरे आणि देवू असे चौघे निघालात त्या दिवशी प्रकल्पाच्या फाटकापाशी मीही आले होते. बायकांच्या मागे उभी होते. ओव्हरसियर साहेबांचं भाषण ऐकलं. तारापूरला वीज होणार, ती देश उजळणार, आणि तिथले वेल्डर-फिटर सायकलवर देश जोडायला निघाले, असं काही ते म्हणाले. टाळ्या झाल्या. तुमच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि तुम्ही खाली मान घालून ब्रेक दाबून बघत होता. मैनाबाई म्हणाली, "त्यानं तुला बगितला नाय." मी म्हटलं, "बघितलं. तुम्ही तेव्हा दुसरीकडे बघत होतात."

इथे सगळं ठीक. भाताची झोडणी चालू आहे, अंगणभर पेंढा. ठकी मोळी घेऊन आली होती. तिने विचारलं, "दादा खय गेला?" मी म्हटलं, सायकलवर, जमीन संपते तिथपर्यंत. "कशाला?" मी म्हटलं, देशासाठी. मोळी भिंतीला टेकवत ती म्हणाली, "आमी बी जातू ना भिवंडीला विटा पाडाया. पन पोरां घेऊन जातू." तिच्या मनात काही नव्हतं. मी तिला चहा दिला.

मी बरी आहे. जेवते. तुम्ही काळजी करू नये.

एक लिहिते. आपली चिमी गेल्याला आता चार महिने होतील. हे कागदावर लिहिते आहे, कारण घरात तुमच्यासमोर एकदाही म्हणता आलं नाही. तिचं नाव निघालं की तुम्ही चपला घालून बाहेर पडत होता. आता तुम्ही इतके लांब आहात की पत्र अर्ध्यात टाकून उठलात तरी मला दिसणार नाही. 

पायाला तेल लावत जा.

तुमची
नर्मदा


बोईसर
मंगळवार, ५ डिसेंबर १९६७

यांना नर्मदेचा नमस्कार. हे दावणगेरेला मिळावं.

पंढरीभाऊजींचं कार्ड कँटीनच्या फळ्यावर लावलंय. कोल्हापुरात एका शाळेत सत्कार झाला, पोरांनी बँड वाजवला. पुढे तुमच्याबद्दल लिहिलंय, 'बन्सी आमचा कारखाना आहे. सगळ्यांची पंक्चरं तोच काढतो. तब्येती उत्तम.' मी ते दोनदा वाचलं. तुमचं मला आलेलं कार्डही वाचलं. त्यात लिहिलंय, 'खुशाल आहे.' त्याखाली जागा मोकळीच होती.

तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. तुम्ही इथे असताना विचारली असती, पण तुमचा चेहरा बघून धीर झाला नाही.

त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घटसर्प आहे, घसा बंद होत चाललाय, चिमीला पालघरला न्या. रुळांवर पाणी होतं, गाड्या बंद. ट्रकवाला नाही म्हणाला, ओढ्याला लोंढा आला होता. तुम्ही तिला सायकलच्या दांडीवर बसवलंत आणि माझ्या लुगड्याने पोटाशी बांधलंत. मी गाठ मारली. तिला श्वास पुरत नव्हता, तरी ती माझ्याकडे बघून हसली. बापाबरोबर सायकलवर जायचं म्हणून असेल. तुम्ही ओढ्यातून सायकल खांद्यावर घेऊन गेलात तिथपर्यंत मला दिसलात.

मग पाणी उतरल्यावर मी चालत निघाले. उमरोळीच्या अलीकडे समोरून बैलगाडी आली. गाडीत सायकल आडवी होती आणि तुम्ही मांडीवर तिला घेऊन बसला होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "चल घरी." मी गाडीत चढले. तेव्हापासून आजपर्यंत तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत.

माझी लेक आपल्या दारातून निघाली ते मला माहीत आहे आणि गाडीतून परत आली ते माहीत आहे. मधलं माहीत नाही. तिला फार त्रास झाला का? ती काही बोलली का? मला हाक मारली का?

तिथे फक्त तुम्ही होता. मी दुसऱ्या कुणाला विचारू?

दोष देत नाही हो. देवाशपथ नाही. तुम्ही केलंत त्याहून जास्त कुणालाच करता आलं नसतं. मला फक्त ती वाट हवी आहे. एका कार्डावर मावेल एवढी लिहा.

तुमची
नर्मदा


बोईसर
बुधवार, १३ डिसेंबर १९६७

यांना नर्मदेचा नमस्कार.

परवा पहाटे धरणीकंप झाला, तुम्हाला कळलंच असेल. कोयनेकडे गावंच्या गावं पडली म्हणतात. इथे फळीवरची भांडी वाजली आणि कंदील हलला. मैनाबाई ओरडत आली, "भाईर ये, धरती हालली." मी उठले. दाराकडे जायच्या आधी मी अंथरुणावर हात फिरवला, तिच्या बाजूला. तिला उचलायला. हाताला नुसती सतरंजी लागली. अंगणात सगळे जमले होते, आपापली पोरं कडेवर घेऊन. मी हात पदराखाली घेतले.

तुम्ही सातारा-कऱ्हाडकडून गेलात. पुढे पोचला असाल हे माहीत असूनही उजाडल्यावर मी प्रकल्पावर धावले. तिथल्या बाबूंनी सांगितलं, ते केव्हाच म्हैसूर राज्यात पोचले, काळजीचं कारण नाही. मी तिथल्या बाकावर बसून रडले. बाबूंना वाटलं आनंदाने.

दावणगेरेच्या पत्राला उत्तर आलं नाही. पत्र मिळालं नसेल असं मी चार दिवस म्हणत होते. काल पंढरीभाऊजींचं कार्ड आलं. त्यात आहे, 'बन्सीला घरचं टपाल दावणगेरेत मिळालं.' म्हणजे मिळालं.

माझा दादा आला आहे चाळीसगावहून, मला न्यायला. मी त्याला सांगितलं, यांचं दर मुक्कामावरून पत्र येतं, संक्रांतीला येतील, मग दोघं मिळून येऊ. तो म्हणाला, "दाखव बघू पत्रं." मी म्हटलं, "नवरा-बायकोची पत्रं भावाला दाखवतात का?" तो हसला. त्याला बरं वाटलं. उद्या सकाळच्या गाडीने परत जातोय.

मला राग येतो आहे. हे लिहिणार नव्हते. तुम्ही उन्हातान्हात पाय मारताय, गावोगाव तुमचा सत्कार होतोय, आणि मी इथे त्याच खोलीत त्याच भिंतीकडे बघत बसले आहे. ती तुमची होती तशी माझीही होती. तुम्हाला निघून जायला सायकल मिळाली. मला कुठे जाता येत होतं?

हे फाडून पुन्हा लिहावं असं वाटलं. पण तसंच पाठवते.

नर्मदा


बोईसर
सोमवार, ८ जानेवारी १९६८

यांना नमस्कार.

देवूने तुमचा पत्ता दिला. नागरकोविल, देवळामागचं सायकल दुकान. दुकानदाराच्या नावाचं स्पेलिंग त्याने मला कोळशाने जमिनीवर काढून दाखवलं.

शनिवारी तिघे आले. मी स्टेशनवर गेले होते. डोक्यात अबोली घातली होती. अख्खा प्रकल्प लोटला होता, ढोल होता. गाडी थांबली. पंढरीभाऊजी उतरले, रामआसरे उतरला, देवू उतरला. मग मालाच्या डब्यातून सायकली उतरवल्या. तीनच. मी चौथी येईल म्हणून डब्याच्या तोंडाशी उभी राहिले. हमालाने दार ओढून घेतलं तरी उभी होते.

पंढरीभाऊजी माझ्याकडे आले आणि त्यांनी हात जोडले. रामआसरे म्हणाला, "भाभीजी, भाई ठीक हैं. बिल्कुल ठीक हैं. बस, आए नहीं." माझा जीव भांड्यात पडला, मग पुन्हा टांगणीला लागला. तेवढ्यात त्यांना लोकांनी खांद्यावर घेतलं. तुम्ही का आला नाहीत असं कुणी विचारलं की पंढरीभाऊजी सांगत होते, मागे थोडं काम राहिलंय. 

काल देवू घरी आला. एकटाच. त्याच्या आईने सुके बोंबील दिले होते, ते ठेवून तो उंबऱ्यातच बसला. सांगायला त्याला फार जड गेलं. मी त्याला घाई केली नाही. त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. चुकीचं असेल तर तुम्ही सांगा.

तो म्हणाला, "वयनी, पयल्या दिसापासनं. ठान्याच्या पुढं चाय प्यायला थांबलो. चायवाल्यानं इचारला, पोरंबाळं किती? बन्सीभाऊ बोलला, एक मुलगी हाय, चिमी, पाच वर्साची. मला वाटला, तोंडातनं निगून गेला. मंग साताऱ्याला तेच. हुबळीला तेच. बोलायचा, ती फार बडबडी हाय. बोलायचा, तिला गूळ-शेंगदाना लय आवडतो. लोकांला मजा वाटायची. एका म्हातारीनं तर तिच्यासाटी पेरू बांधून दिले."

मी विचारलं, तुम्ही त्यांना काही म्हणाला नाहीत?

"पंढरीभाऊ एकदा बोलला. बंगलोरच्या अलीकडं. बोलला, बन्सी, हे बरा नाय. तर बन्सीभाऊनं त्याच्याकडं असा बगितला, वयनी, की मंग परत कोनी काय बोलला नाय. रामआसरे तर नंतर सोताच सांगायला लागला लोकांला. 'इनकी बिटिया बहुत होशियार है' असा."

मी चुलीकडे तोंड करून बसले होते. तुम्ही तिचं नाव घेत होता. रोज. परक्यांजवळ. चार महिने मी इथे ते तुमच्या तोंडून ऐकायला तळमळत होते, आणि तुम्ही ते रस्त्यावर भेटेल त्याला सांगत होता.

मग मी देवूला विचारलं, ते बाकी काही बोलले का, त्या दिवसाबद्दल. तो उठून जायला लागला. मी म्हटलं, "देवू, मी तिची आई आहे." तो परत बसला.

तुम्ही कन्याकुमारीला पोचलात तेव्हा बाकीचे समुद्रात उतरले. तुम्ही वाळूत सायकलपाशी बसून राहिलात. देवू तुमच्याजवळ आला. त्याने सहज विचारलं, सगळ्यांच्या सायकलींना घंटी आहे, तुझ्या सायकलीला का नाही? वाटेत दोनदा पोलिसांनीही हटकलं होतं, तेव्हा तुम्ही तुटली म्हणून सांगितलं होतंत. तिथे मात्र तुम्ही खरं सांगितलंत.

की तिला बोलता येत नव्हतं. घसा बंद होता. ओढा ओलांडल्यावर तुम्ही तिला म्हणालात, चिमे, तू घंटी वाजव, म्हणजे मला कळेल. आणि ती वाजवत राहिली. पावसात तुम्हाला तिचा श्वास ऐकू येत नव्हता, घंटी ऐकू येत होती. थांबली की तुम्ही म्हणत होता, वाजव गं, आणि ती पुन्हा वाजवत होती. उमरोळीच्या पुढे ती थांबली. तुम्ही म्हणालात, वाजव. तिचं डोकं तुमच्या हातावर आलं.

तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. तरी तुम्ही पालघरपर्यंत गेलात. देवूला तुम्ही म्हणालात, "थांबलो असतो तर ती गेली असती."

देवू रडत होता. मी रडले नाही. मला आधी वाटलं की आपण किती वाईट आहोत, कारण मला बरं वाटत होतं. मला ती वाट मिळाली. ती एकटी नव्हती. तिला घंटी वाजवायला फार आवडायचं आणि तुम्ही एरवी वाजवू देत नव्हता, गल्लीतले लोक ओरडतात म्हणून. त्या दिवशी तिने पोटभर वाजवली.

देवू जाताना पिशवीतून कागदात बांधलेलं काही काढून हातात धरून उभा राहिला. "हे द्यावं की नाय, मला कलत नवता." नागरकोविलला तुम्ही ज्याच्या दुकानात राहिलात, त्या दुकानदाराच्या बायकोने चिमीसाठी परकर शिवून दिला आहे. हिरवा, काठाला जर. तिने तुम्हाला मापाबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही हाताने कमरेपाशी उंची दाखवलीत म्हणे. तुम्ही थोडा मोठा सांगितलात. सहा महिन्यांनी वाढली असती, ते धरून सांगितलात का?

मी तो घडी करून ट्रंकेत ठेवला आहे. त्या बाईला माझा नमस्कार सांगा. परकर फार छान झालाय म्हणून सांगा.

मागच्या पत्रातला राग मनात धरू नका. आणि आता मला खरं सांगा, तुम्ही येणार आहात ना?

तुमची
नर्मदा


मनोर
रविवार, ४ फेब्रुवारी १९६८

यांना नर्मदेचा नमस्कार.

तुमचं कार्ड मैनाबाईने इकडे धाडलं. 'देवू बोलला ते खरं आहे. तुला तोंडाने सांगणं माझ्याने झालं नसतं. त्या खोलीत परत येणं होईलसं वाटत नाही. पुढे रामेश्वरकडे जातो आहे. तू तुझं बघ.' तुमचं अक्षर नेहमी उजवीकडे झुकतं, या कार्डावर सरळ होतं. सावकाश लिहिलं असणार. 

ती खोली मी सोडली. प्रकल्पावर नवीन माणसं येतायत, मैनाबाईकडे रोज कुणी ना कुणी जागा विचारत होतं. ती मला जा म्हणाली नाही, उलट निघताना दाराला टेकून रडली. म्हणाली, "पोरीची पावलां हायत हय, मी सारवनार नाय." मी म्हटलं, सारवा. तिने नाही म्हणून मान हलवली. 

दादाकडे गेले नाही. तिथे सगळे मला जपतील, माझ्यासमोर पोरांना गप्प बसवतील. मैनाबाईच्या ओळखीने मनोरला आदिवासी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले आहे. रखमाबाई म्हणून एक वयस्क बाई आहेत, त्यांच्या हाताखाली. मुली डोंगरातल्या पाड्यांवरच्या. आईबाप विटांवर गेले की या इथे. जेवायला बसल्या की सगळ्या एकदम बोलतात. पहिले दोन दिवस मला ते सोसवेना, मी मागच्या दाराने बाहेर जाऊन उभी राहायचे.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना रखमाबाईंनी विचारलं, "मूलबाळ?"

मला बोईसरची सवय. तिथे कुणी विचारत नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. इथे माझ्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही. मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"एक मुलगी आहे," मी म्हटलं. "चिमी."

"मग कुठे ठेवलीस?"

"बापाबरोबर गेलीय. सायकलवर. कन्याकुमारीपर्यंत जाऊन पोचली ती."

रखमाबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "एवढीशी पोर? आणि तू पाठवलीस?"

"हट्टच धरला तिने," मी म्हटलं. "बाप म्हटलं की तिला दुसरं काही सुचत नाही."

त्यांनी ते पोरींना सांगितलं. पोरींनी मला घेरलं. ती कुठे झोपते, काय खाते, भीती वाटत नाही का. मी सांगत गेले. की ती फार बडबडी आहे. की तिला गूळ-शेंगदाणा आवडतो. एक पारू म्हणून आहे, तिसरीतली, तिने शाळेतला नकाशा मागून आणला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला. आता रोज सकाळी हात धुवायच्या आधी ती विचारते, "ताई, चिमी आज कुठं पोचली?" मी पिठाच्या बोटाने दाखवते. काल रामेश्वर दाखवलं. नकाशावर त्या बाजूला आता पिठाचे ठिपके झालेत.

तुम्ही परक्यांजवळ तिचं नाव का घेत होता, ते मला आता कुणी समजावायला नको. इतक्या महिन्यांत मी इतकी कधी बोलले नव्हते. रात्री झोप लागते. 

दर पत्रात शेवटी 'लवकर या' असं लिहायचं माझ्या मनात होतं. मागच्या पत्रात विचारलंही. आता विचारत नाही. तुम्ही आलात तर फाटकातून एकटेच आत याल. पोरी धावत जातील आणि तुमच्या मागे बघतील. मग मला त्यांना सांगावं लागेल. ते माझ्याने आता दुसऱ्यांदा होणार नाही, आणि तुमच्याने तर पहिल्यांदाही झालं नाही.

म्हणून तुम्ही जात राहा. रामेश्वरहून मद्रास, तिथून पुढे कलकत्ता, जिथे रस्ता जाईल तिथे. मुक्कामाचं गाव तेवढं कळवत जा, मला सकाळी पारूला दाखवावं लागतं.

आता इकडे उन्हं चढायला लागली. तिकडे जास्तच असतील. दुपारचं सायकल चालवू नका, झाडाखाली थांबत जा. तिला ऊन सोसत नाही.

तुमची
नर्मदा